जुनी गाडी सकाळी लवकर चालू होत नाही? पंप बदलण्याआधी हे तपासा

बुलडाणा : आपल्या भागात जुनी मारुती ८००, ओम्नी, बोलेरो, सुमो अजूनही कामाला आहेत. रात्री-बेरात्री पेशंट न्यायचा तर गावात बऱ्याचदा अशीच एखादी गाडी असते. ती वेळेवर चालू झाली नाही तर पंचाईत होते, आणि गॅरेजवाला थेट पंप बदलायला सांगतो. पण अनेकदा दोष साध्या फिल्टरमध्ये, पाइपात किंवा बॅटरीत निघतो. म्हणून आधी स्वस्तातलं तपासा.

सेल्फ कसा फिरतो?
सेल्फ हळू फिरत असेल किंवा नुसता टकटक वाजत असेल, तर आधी बॅटरी बघा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करून ते घट्ट करा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरवर १२.५ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ जोरात फिरूनही गाडी चालू होत नसेल, तर इंधनाकडे वळा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

डिझेल गाडी
सेल्फ मारताना कोणाला तरी सायलेन्सरकडे बघायला सांगा.
• धूर अजिबात नाही : डिझेल इंजिनापर्यंत पोहोचत नाही.
• पांढरा धूर येतो, पण चालू होत नाही : डिझेल पोहोचतंय, जळत नाही. हीटर प्लग असतील तर ते तपासा.
• सकाळी वेळ लागतो, मग दिवसभर ठीक : रात्रीतून लाइन हवा घेत असावी. टाकीपासून फिल्टरपर्यंतचे पाइप, क्लिपा आणि वॉशर बघा. जिथे डिझेलचा ओलावा आणि धूळ चिकटलेली दिसेल, तिथे संशय घ्या.

ज्या गाड्यांना हातपंप आहे, त्यात तो कडक होईपर्यंत दाबून बघा. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर हवेचाच दोष समजा. फिल्टरखाली पाणी काढायचा बोल्ट असेल तर तो सैल करून पाणी काढा. कॉमन रेल गाडीचे जाड लोखंडी पाइप मात्र घरी खोलू नका. त्यात प्रचंड दाब असतो, इजा होऊ शकते.

पेट्रोल गाडी
इंजेक्टरच्या गाडीत चावी फिरवली की मागच्या सीटकडे दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' आवाज येतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंप. आवाज येतो पण वेळ लागतो, तेव्हा सेल्फ न मारता चावी तीनदा ऑन-ऑफ करा. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर रात्रीतून लाइनमधला दाब उतरतोय.

कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण ओढला जातो का ते बघा. एप्रिल-मेच्या उन्हात गरम गाडी चालू होत नसेल, तर पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. बॉनेट उघडून गाडी सावलीत थंड होऊ द्या.

घाटात दम सोडते?
सपाटीवर ठीक आणि राजूर घाट चढताना पिकअप तुटतो, तर आधी इंधन फिल्टर बदला. चढावर इंधन जास्त लागतं आणि तुंबलेला फिल्टर तेवढं सोडत नाही. डिझेल गाडीला काळा धूर असेल तर एअर फिल्टरही बघा.

इथेनॉलचं काय?
आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. फुगलेले, भेगाळलेले पाइप बदलून घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली तर टाकीतला पंप तापतो, तेही टाळा.

पेट्रोलचं काम करताना बिडी-सिगारेट दूर ठेवा, तोंडाने पेट्रोल ओढू नका.

गॅरेजला जाताना चार गोष्टी सांगा : गाडी थंड असताना अडते की गरम, सेल्फ कसा फिरतो, धूर कोणता, फिल्टर कधी बदलला. एवढं सांगितलं की मेकॅनिकला अंदाजाने पार्ट बदलायची गरज पडत नाही.