उन्हाचं भांडवल

आमच्या नांदेड-लातूरकडे ऊन भरपूर. आता त्या उन्हासाठी रानं भाड्याने मागतात. २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला १.२५ लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम लहान नाही.

पण थोडा इतिहास आठवावा. १९९० च्या दशकात पवनचक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा दाखवून आयकर वाचवता येई. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर चक्क्या उभ्या राहिल्या त्या याच काळापासून. सवलत चक्की उभारण्याला होती, विजेला नव्हे. युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन केंद्राने दिलं ते थेट २००९ मध्ये.

उलट, प्रवरेच्या शेतकऱ्यांनी स्वतः भाग घेऊन साखर कारखाना काढला, १९५० मध्ये गाळप केलं. ऊस त्यांचा, कारखानाही त्यांचाच. आमच्या मांजरा पट्ट्यालाही सहकार नवा नाही. २०१९ च्या कुसुम योजनेने तर शेतकरी गटांना आणि सहकारी संस्थांना २ मेगावॅटपर्यंतच्या सौर प्रकल्पाची वाट मोकळी केली.

भाडं घेण्यात कमीपणा नाही. पण रान आपलं, ऊन आपलं, मग प्रकल्पात आपला भाग का नको? करारावर सही करण्याआधी एवढं घरात बसून बोलावं.