विंचवाचं बिऱ्हाड आणि दिव्याची लोकल

नवी सॅक घ्यायची म्हटलं की माणूस पहिल्यांदा लिटर बघतो. तीस लिटर, पस्तीस लिटर, जणू काही आत दूध भरून न्यायचंय. मग लॅपटॉपचा कप्पा, बाटलीचा खिसा, पावसाळी कव्हर, आणि शेवटी किंमत. आमच्या टीममधल्या तिघांनी गेल्या महिनाभरात मला "सॅक कुठली घेऊ रे?" असं विचारलं, कारण माझ्या पाठीवर कायम लॅपटॉप, कॅमेरा, दोन चार्जर, पॉवर बँक, हेडफोन असा संसार असतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. पण मी राहतो दिव्याला. सकाळी आठच्या सुमारास दिव्याच्या फलाटावरून ही वस्तू जरा वेगळीच दिसते. का ते सांगायचं तर ती पाठीवर आली कशी, इथपासून सुरुवात करायला हवी.

आपण सरसकट 'सॅक' म्हणतो ते 'रकसॅक' आणि 'हॅवरसॅक' या दोन शब्दांचं शेपूट. मुळात दोन्ही जर्मन. रकसॅक म्हणजे सरळ सरळ पाठीवरची पिशवी. हॅवरसॅकची गंमत जास्त आहे. घोडदळातले शिपाई घोड्यासाठी ओटचा दाणा ज्या पिशवीत न्यायचे ती हॅवरसॅक. म्हणजे आपल्या तोबऱ्याची चुलत बहीणच! पुढे घोडा गेला, दाणा गेला, पिशवी शिपायाच्या अंगावर राहिली. ब्रिटिश फौजेने १९०८ साली जो पोशाखाचा 'पॅटर्न' ठरवला त्यात पाठीवर एक मोठी पिशवी आणि बाजूला हॅवरसॅक, दोन्ही चामड्याच्या ऐवजी जाड विणलेल्या सुती पट्ट्यांवर. आजच्या सॅकचे पट्टे त्याच घराण्यातले.

आपल्याकडे मात्र हमालाची पोती सोडली तर ओझ्याची जागा पाठ फारशी नव्हतीच. डोक्यावर गाठोडं, काखेत वळकटी, खांद्यावर झोळी. नाहीतर पडशी. पडशी हा प्रकार मला इंजिनियर म्हणून फार आवडतो. दोन तोंडांची पिशवी, एक बाजू पुढे, एक मागे, वजन आपोआप तोललेलं, बंद नाही, बक्कल नाही. शिवाय अंगाला चिकटून राहणारी. १९७०च्या दशकात कॉलेजच्या पोरांनी आणि कार्यकर्त्यांनी शबनम खांद्याला लावली, तीही अंगालगतच लटकायची.

ऑफिसला जाणाऱ्यांची तऱ्हा निराळी. रेक्झिनची हातात धरायची बॅग, त्यात डबा, छत्री, पेपर. आणि जरा वरच्या हुद्द्यावर गेलं की ब्रीफकेस. १९७१ साली व्हीआयपी हा ब्रँड बाजारात आला आणि साच्यातून निघालेल्या टणक प्लॅस्टिकच्या बॅगा मध्यमवर्गाच्या घरात पोचल्या. त्यांचा कारखाना आपल्या नाशिकचा. लग्नात सुटकेस, नोकरी लागली की ब्रीफकेस, असा जमाना होता. लोकलमधे ब्रीफकेसचं खरं काम कागद नेणं नव्हतंच, ती चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवली की पत्त्यांचं टेबल व्हायची. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांमधे रमीचे किती डाव तिच्यावर झाले असतील कोण जाणे. आणि ती चपटी होती, हे लक्षात ठेवा. उभं राहिलं तर पायालगत, बसलं तर मांडीवर, नाहीतर "काका, जरा वर टाका" म्हणून रॅकवर.

त्याच काळात सॅक लोकलमधे होतीच, पण शनिवारी रात्री. राजमाचीला निघालेले कर्जत गाडीत, माहुलीला निघालेले आसनगावला उतरायला कसारा गाडीत. जाड कॅनव्हासची, भिजली की दुप्पट जड होणारी. सोमवारी ती माळ्यावर जायची. ती सोमवार ते शुक्रवारची झाली त्याला दोन गोष्टी कारणीभूत, नायलॉन आणि लॅपटॉप.

नायलॉन १९३५ साली ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सच्या गटाने बनवलं. मोजे, मग पॅराशूट, मग तंबू असं करत ते डोंगरात गेलं. अमेरिकेत १९५२ साली डिक केल्टीने अॅल्युमिनियमची चौकट लावलेल्या पिशव्या विकायला काढल्या आणि वजन खांद्यावरून कमरेवर आणलं. १९६७ हे साल तर सॅकवाल्यांचं दिवाळीचं म्हणायला हवं. सिअॅटलला जानस्पोर्ट सुरू झाली, आणि ग्रेग लो या गिर्यारोहकाने लोवेप्रोचा पाया घातला तोही त्याच वर्षी. पुढे त्याच कंपनीने कॅमेऱ्यासाठी मऊ भिंतींच्या बॅगा केल्या. जानस्पोर्टच्या डोंगरी पिशव्या विद्यापीठाच्या दुकानातून विकल्या जायला लागल्या, आणि सिअॅटलच्या पावसाला कंटाळलेली मुलं त्यात पुस्तकं कोंबायला लागली. पुस्तकं पाठीवर न्यायची ही कल्पना इथून जगभर पसरली. आमच्या पिढीने इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी त्यातून ड्राफ्टरचा दांडा बाहेर काढून लोकलभर लोकांना टोचलं, तो त्याच परंपरेचा भाग :)

मुद्दा असा, की या सगळ्या पिशव्या ज्यांनी बनवल्या त्यांच्या पाठीमागे मोकळं आकाश होतं. डोंगरात सॅक मागे किती बाहेर येते याने कुणाचं काही बिघडत नाही. त्यामुळे उंची, वजन, लिटर सगळ्याचा विचार झाला, जाडीचा झाला नाही.

लॅपटॉप आला तेव्हा आधी एका खांद्याची काळी बॅग आली. तीन किलोचं यंत्र, अर्ध्या किलोचा चार्जर, आणि एक खांदा कायमचा खाली. २००४च्या नोव्हेंबरमधे ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली, ऐरोली-महापेकडे ऑफिसं उभी राहत गेली, आणि दिवा-डोंबिवलीची पोरं ठाण्याला गाडी बदलून तिकडे जायला लागली. पूल चढायचे, उतरायचे, धावायचं, दोन्ही हात मोकळे हवेत. सॅक जिंकली. तिच्या बाजूने सगळं होतं. फक्त एक हिशोब कुणी केला नाही.

तो करून बघू. मुंबईच्या लोकलच्या गर्दीला रेल्वेचं स्वतःचं नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड', म्हणजे एका चौरस मीटरमधे १४ ते १६ उभे प्रवासी. सोळा धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २५ बाय २५ ची एक फरशी. आता आपली भरलेली सॅक घ्या. रुंदी ३० सेंटिमीटर, जाडी २०. झाले ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे सॅकवाला माणूस स्वतःच्या पाठीवर जवळजवळ आणखी एक प्रवासी घेऊन चढतो, बिनपासाचा. सॅक पुढे घेतली की प्रश्न सुटतो असं आपण मानतो. चोर लांब राहतो, मागच्याच्या तोंडावर बक्कल आपटत नाही, हे खरंच. पण जागा? तेवढीच. ती फक्त रॅकवर टाकली की वाचते, आणि रॅक खिडक्यांच्या बाजूला. दारातल्या माणसाचा हात तिथे पोचणार कसा?

आणि दिव्याचा माणूस दारातच असतो. डोंबिवलीहून गाडी भरून येते, इथे आत शिरायला जागा नसते. बसायला मिळावं म्हणून आमच्याकडचे कित्येक जण आधी उलटे डोंबिवली-कल्याणला जातात. दिव्याहूनच सुटणारी लोकल हवी ही मागणी फार जुनी. २ जानेवारी २०१५ ला गाड्या रखडल्या तेव्हा लोक रुळांवर उतरले, दगडफेक आणि जाळपोळ झाली. १८ डिसेंबर २०१६ पासून जलद गाड्या दिव्याला थांबायला लागल्या. तोवर स्टेशनच्या भोवती एवढं गाव वाढलं होतं की थांबा मिळाला तरी चढणं ही वेगळीच परीक्षा राहिली.

पुढचं लिहिताना हात जड होतो. फेब्रुवारी २०२२ मधे ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. त्याआधी जलद लोकल १९१६ सालच्या पारसिक बोगद्यातून जायच्या. आता बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना आणि जलद लोकल मुंब्र्याच्या वळणावरून. ९ जून २०२५, सोमवार, सकाळी गर्दीच्या वेळी याच वळणावर कसाऱ्याकडे जाणारी आणि मुंबईकडे येणारी अशा दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जण गेले. रेल्वेच्या बाजूने जे कारण पुढे आलं त्यात एक शब्द होता: बॅग. दाराबाहेर आलेली पाठीवरची बॅग समोरच्या गाडीतल्या लोकांना घासली, असं. नोव्हेंबर २०२५ मधे लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीवर बोट ठेवत रेल्वेच्या दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला, आणि त्याविरुद्ध रेल्वे कर्मचाऱ्यांनी सीएसएमटीला आंदोलन केलं. दोष रुळाचा की पिशवीचा हे ठरवायला कोर्ट आहे.

माझं मत विचाराल तर नुसत्या सॅकवर खापर फोडणं मला पटत नाही. माणूस दाराबाहेर हौसेने लटकत नाही, आत त्याच्या वाट्याची फरशी शिल्लक नसते. पण ती फरशी आतल्या सॅकांनीही खाल्लेली असते, हेही तितकंच खरं. रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे लावायचं जाहीर केलंय. दरवाजा बंद झाला की बाहेर आलेली सॅक आत येईल. आत कुठे ठेवायची हा प्रश्न तसाच.

तर आता त्या तिघांचा प्रश्न. मी पट्टी घेऊन दुकानात जा म्हणतो. लॅपटॉप, चार्जर, डबा घालून जाडी १२-१३ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. वर सांगितलेल्या हिशोबात ६०० चे ३९० होतात. चौदा इंची लॅपटॉपला तीस लिटर लागत नाहीत, अठरा-वीस पुष्कळ. जागा मोठी असली की आपण ती भरतोच. वरच्या बाजूला हातात धरायचा मजबूत पट्टा हवा, कारण गर्दीत ती ब्रीफकेससारखी पायालगत धरायची आहे. पायांपाशी खांद्यांपेक्षा जागा जास्त असते. बाहेर लोंबणारे बंद, कॅराबिनर, बाटलीचे जाळीचे खिसे नकोत. कशाततरी अडकतात.

टिकाऊपणाचं म्हणाल तर 'डेनियर' या आकड्याला फार भुलू नका. ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममधे, एवढाच त्याचा अर्थ. ४००-५०० डेनियरचं चांगलं विणलेलं नायलॉन रोजच्या लोकलला पुरतं. सॅक कापडात फाटत नाही, ती पट्टा जिथे अंगाला शिवलाय तिथे उसवते. तिथे बोटाने ओढून बघा, आडवी दाट शिलाई आहे का ते पाहा. आपल्या हवेचा एक खास शत्रू आहे. आतून दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमटपणाने चिकट होतो आणि तीन-चार पावसाळ्यांत खवल्यांसारखा गळायला लागतो. सॅक पावसाळ्यात ओली बंद करून ठेवली तर अजून लवकर. आणि चेन! पहिली जाते ती चेनच. बहुतेक वेळा दातेही ठीक असतात, फक्त रनर सैल झालेला असतो, आणि स्टेशनबाहेरचा बॅग रिपेअरवाला तो पाच मिनिटांत बदलतो. महागाच्या काही सॅकांना इतकी वेगळ्या घडणीची चेन असते की तो मान हलवून परत देतो. विकत घ्यायच्या आधी त्यालाच एकदा दाखवून घ्या, जाहिरातीपेक्षा जास्त कळतं.

कॅमेरा मात्र या सॅकमधे बसत नाही. लेन्सच मुळी लांब, त्यामुळे कॅमेऱ्याची बॅग जाडच होणार, ग्रेग लोलाही ते टळलं नसेल. ती मी फक्त रविवारी बाहेर काढतो, पहाटेच्या कर्जत गाडीला, जेव्हा दिव्यालासुद्धा बसायला जागा असते आणि रॅक रिकामा असतो.