पोटातली चौदा इंजेक्शनं

परवा शनिवारी आमच्या कुत्रीला रेबीजचा वार्षिक डोस द्यायला घेऊन गेलो. डॉक्टरांनी टोचलं, कार्डावर स्टिकर चिकटवलं, सही केली. दोन मिनिटांत काम खलास, बाईसाहेबांना पत्ताही नाही. मी मात्र उगाच स्वतःच्या पोटावर हात ठेवून उभा!

त्याचं कारण १९९१ साली घडलं. मे महिन्याची सुट्टी, आजोळ राजूर. आजोबांचा वाघ्या कधी कुणाच्या अंगावर गेला नव्हता. तो मला पोटरीला चावला आणि चार दिवसांत मेला. पिसाळला होता म्हणे. आजीने जखमेत तिखट भरलं होतं. मग रोज सकाळची एसटी, अकोले, आणि बेंबीभोवती एक सुई. चौदा दिवस.

ही चौदाची भानगड आली कुठून? जुलै १८८५ मध्ये पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस दिली, तो वाचला. पुढे १९११ साली कसौलीत डेव्हिड सेंपलने त्यात सुधारणा केली. भारतात ही लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून बनवत, विषाणू कार्बोलिक ॲसिडने मारत. ताकद कमी, म्हणून सुया जास्त. डोस मोठा, म्हणून पोटाची सैल कातडी. त्यात मेंदूचा अंश असल्यामुळे एखाद्याला लसीनेच लकवा व्हायचा. पेशींवर वाढवलेली सुरक्षित लस जगात १९७० च्या दशकापासून होती, पण महाग. आपल्याकडे मेंढीची लस थांबली २००४ च्या अखेरीस. म्हणजे सेंपलसाहेबांचा कोड ९३ वर्षं प्रॉडक्शनमध्ये! (आमच्या कंपनीतलं लेगसी मॉड्यूल मग अगदीच तरुण म्हणायचं.)

असो. मला छळतं ते वेगळंच. राजूर म्हणजे डांगी गुरांचा मुलूख, तिथलं प्रदर्शन प्रसिद्ध. आजोबा बैलांना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी न चुकता टोचून घ्यायचे. त्याच डॉक्टरांना वाघ्याचं विचारावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बैल गेला तर शेती बसते. कुत्रा काय, भाकरतुकड्यावर दारात पडलेला असतो.

खरं तर करायचं किती थोडं होतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग बूस्टर, मग दरवर्षी. आणि कुत्रा चावलाच, तर तिखट-चुना काही नको. पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आता चार-पाच डोस, तेही दंडात. जखम खोल असेल तर तिथेच इम्युनोग्लोब्युलिनही देतात.

गेल्या दिवाळीत राजूरला गेलो, तर मामांच्या दारात नवं पिल्लू. मामेभावाला चावलं होतं, पण तो दवाखान्यात जायला तयार नव्हता. का? "दादा, पोटात चौदा घ्यावी लागतात ना?" पस्तिशीचा माणूस! ही धास्ती त्याला माझ्याच गोष्टीतून लागलेली. हाताला धरून नेला. दहा दिवस पिल्लावर नजर ठेवली. ते ठणठणीत राहिलं, मग त्यालाही टोचून आणलं.

त्याचं कार्ड मामांनी बैलांच्या कागदांच्या पिशवीत ठेवलंय.