मत्स्यालयांतील उजेड

काचेच्या टाकींतील मासे अंधुक दिसूं लागले, कीं आणखी एक दिवा लावावा असें कोणासही वाटतें. पण त्या दिव्यानें उजेड वाढतो, कीं नुसता पसरतो?

याचें उत्तर टाक्यांहून जुनें आहे. १६०४ मध्यें केप्लरनें दाखविलें, कीं लहानशा दिव्यापासूनचें अंतर दुप्पट झालें म्हणजे प्रकाशाची तीव्रता चतुर्थांश उरते. १७२९ मध्यें फ्रान्समधील बूगेर यानें सांगितलें, कीं पारदर्शक पदार्थाचा प्रत्येक सारखा थर प्रकाशाचा सारखाच हिस्सा गिळतो. म्हणून दोन सारखे दिवे शेजारीं टांगले, तर त्यांच्या खालचा उजेड जवळजवळ दुप्पट होतो. तेच टाकीच्या दोन टोकांस नेले, तर कोपऱ्यांतील अंधार हटतो, पण कोठेंही तितकी तीव्रता येत नाहीं. शिवाय वरचा जेवढा हिस्सा तळाशीं पोंचतो, तो दिवे वाढविल्यानें बदलत नाहीं. वर दुप्पट, तर खालीं दुप्पट. खोलीचा कर चुकत नाहीं.

मग दिवे वाढवीतच जावें काय? १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, तें कांचघरांत. पुढें १८७१ मध्यें तेथील क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयांत विल्यम आल्फर्ड लॉइड यानें बहुतेक पाणी काळोख्या हौदांत ठेविलें व तेंच टाक्यांतून खेळविलें. कारण अति उजेडानें शेवाळ माजून पाणी हिरवें होतें. प्रेक्षकाच्या डोळ्यांस हवा तेवढा उजेड पाण्यास मानवेलच असें नाहीं. दिवा वाढविण्यापूर्वीं तो कोठें टांगावयाचा व कोणासाठीं, हें ठरविलें पाहिजे.