पाऊस, धान्याचे भाव आणि हिवताप : पंजाब (१९०८) व सिलोन (१९३४-३५) येथील साथींचा एक विचार

हवामानबदलामुळे डासांवाटे पसरणाऱ्या रोगांचे क्षेत्र वाढेल, हे विधान आता चर्चासत्रांतून इतक्या वेळा केले जाते की इतिहासाच्या आधारे ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही. उष्णता वाढली की डास वाढतात आणि डास वाढले की ताप वाढतो, अशी एक सरळ साखळी गृहीत धरली जाते. प्रस्तुत लेखात भारतीय उपखंडातील हिवतापाच्या दोन मोठ्या साथींच्या आधारे ही साखळी कितपत टिकते, याचा विचार केला आहे.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाच्या परोपजीवीची अवस्था पाहिली आणि या रोगाचा हवामानाशी असलेला संबंध प्रथमच शास्त्रीय पायावर उभा राहिला. हा परोपजीवी डासाच्या शरीरात किती दिवसांत पक्व होतो हे तापमानावर अवलंबून असते. त्याचा घातक प्रकार, फाल्सिपेरम, सुमारे १६ अंश सेल्सियसखाली वाढत नाही. २० अंशांस त्याला सुमारे चार आठवडे लागतात, तर २५ अंशांस सुमारे बारा दिवस पुरतात. बहुतेक डास चार आठवडे जगतच नाहीत. म्हणून हा पाच अंशांचा फरक निर्णायक ठरतो. दमट हवेत डास अधिक दिवस जगतो. परंतु उष्णता याहून पुष्कळ वाढली, पारा ३५ अंशांच्या आसपास गेला, की डासाचे आयुष्य घटते आणि प्रसार मंदावतो. म्हणजे ही साखळी जीवशास्त्रातही सरळ नाही.

आता पंजाबकडे वळू. १९०८ साली तेथे पावसाळा जोराचा झाला, सखल भाग पाण्याखाली गेले आणि शरदात हिवतापाची अशी साथ उसळली की ऑक्टोबर व नोव्हेंबर या दोन महिन्यांत तापाने तीन लाखांहून अधिक माणसे दगावली. अमृतसरचे व्यवहार ठप्प झाले. काही आठवडे त्या शहरातील मृत्यूचे प्रमाण, वार्षिक दराने मोजल्यास, हजारी दोनशेच्या वर होते. लाहोरकडे रेल्वेचे इतके कर्मचारी अंथरुणास खिळले की गाड्यांचे वेळापत्रक कोलमडले. या साथीची चौकशी एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी केली. त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६८ पासूनची चाळीस वर्षांची आकडेवारी त्यांनी पर्जन्यमानाशी ताडून पाहिली. पावसाशी नाते स्पष्टच होते. परंतु नुसत्या पावसाने सर्व साथींचा उलगडा होईना. ज्या वर्षी अतिवृष्टीपूर्वी धान्य महाग झालेले असे, त्या वर्षी मृत्यूंची संख्या भयंकर वाढे. ओला शरद आणि रिकामे कोठार एकत्र आले म्हणजे ताप प्राणघातक होई. वसाहतकालीन वैद्यकीय अधिकाऱ्याने सरकारी अहवालात भुकेला कारणांच्या यादीत इतक्या वरचे स्थान द्यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

पुढे पंजाबातील आरोग्याधिकारी सी. ए. गिल यांनी १९२०च्या दशकात याच सूत्रावर साथींचे भाकीत करण्याची पद्धत बसविली. जुलै-ऑगस्टचा पाऊस, शाळकरी मुलांमधील वाढलेल्या पाणथरीचे प्रमाण, त्या जिल्ह्यातील पूर्वीच्या साथी आणि धान्याचे भाव हे तिचे घटक होते. हवामानाच्या आधारे रोगाचे पूर्वानुमान करण्याचा हा जगातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय, आणि त्यात बाजारभावाला जागा होती. आजच्या संगणकीय प्रारूपांत ती क्वचितच आढळते.

याच गिल यांना १९३५ मध्ये सिलोनला जावे लागले आणि तेथे त्यांच्यासमोर नेमके उलटे चित्र होते. १९३४ साली बेटाच्या नैर्ऋत्य भागात मोसमी पाऊस अपुरा पडला. एरवी वेगाने वाहणाऱ्या नद्यांत ठिकठिकाणी स्वच्छ पाण्याची डबकी राहिली आणि ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस या डासाची त्यांत अफाट पैदास झाली. साथीत सुमारे ८०,००० लोक मृत्युमुखी पडले. पंजाबातील ग्रामीण हिवतापाचा मुख्य वाहकही हाच डास! एकाच डासाला एका प्रदेशात पुराने हात दिला, दुसऱ्यात अवर्षणाने. ज्या ओल्या टापूत साथ पसरली तेथील लोकांना या तापाची सवय नव्हती. कोरड्या टापूतील रहिवाशांत नित्याच्या संसर्गाने आलेली प्रतिकारशक्ती होती. त्यातच जागतिक मंदीने रबर व नारळाचे भाव पडलेले, आणि अवर्षणाने शेतीही गेलेली.

बाउमा व व्हान डेर काय यांनी १९९६ मध्ये या जुन्या साथी एल निनोशी ताडून पाहिल्या. सिलोनमध्ये साथीचा धोका एल निनोच्या वर्षातच वाढलेला दिसला, पंजाबात तो पुढील वर्षी. कोरड्या वर्षानंतर प्रतिकारशक्ती उणावते, हे त्याचे एक स्पष्टीकरण होय. परंतु कोरड्या वर्षानंतर कोठारही रिकामे असते, हे विसरता येत नाही. ख्रिस्तोफर्स यांचा निष्कर्ष येथे पुन्हा भेटतो. शीला झुरब्रिग यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तर असा युक्तिवाद आहे की १९०८ नंतर पंजाबात हिवतापाचे मृत्यू घटले ते उपासमार कमी झाल्याने. डास आणि संसर्ग पूर्वीप्रमाणेच राहिले होते. हा युक्तिवाद मला बव्हंशी पटतो, जरी क्विनाइनचा वाटा तोलणे कठीण आहे.

सिलोनचा पुढील इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. डीडीटीच्या फवारणीनंतर १९६३ मध्ये तेथे अवघे १७ रुग्ण आढळले. दक्षता सैलावली आणि १९६९ पर्यंत ही संख्या पाच लाखांवर गेली. त्या सहा वर्षांत हवामान असे काय बदलले होते? सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त जाहीर केली, तीही पृथ्वीचे तापमान वाढत असतानाच.

मुंबईचा डास मात्र या दोहोंहून वेगळा. ॲनोफिलिस स्टीफेन्सी विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांत वाढतो. १९११ च्या सुमारास बेंटली यांनी शहरातील विहिरींकडे बोट दाखविले, तेव्हा त्या बुजविण्यास धार्मिक कारणांवरून बराच विरोध झाला होता. साठविलेल्या पाण्यात वाढणाऱ्या या डासास पावसाची फारशी वाट पाहावी लागत नाही. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला आणि त्यानंतर काही वर्षांत इथिओपियातही.