सियोना बेंजामिन

सियोना बेंजामिन (जन्म : १९६०, मुंबई) या भारतीय-अमेरिकन चित्रकार आहेत. त्यांचा जन्म महाराष्ट्रातील बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजातील कुटुंबात झाला. त्या अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहतात. ज्यू धर्मग्रंथांतील कथा, भारतीय पुराणप्रतिमा, लघुचित्रांची परंपरा आणि स्थलांतरित स्त्रीचा वैयक्तिक अनुभव यांचा मेळ त्यांच्या चित्रांत आढळतो. निळ्या कांतीची स्त्री ही त्यांच्या कलेची ओळख मानली जाते. ‘फाइंडिंग होम’ (घराचा शोध) ही त्यांची दीर्घकाळ चाललेली चित्रमालिका असून ‘फेरेश्तेह’ या उपमालिकेत त्यांनी बायबलमधील स्त्रियांची पुनर्मांडणी केली आहे.

सामाजिक पार्श्वभूमी

बेने इस्रायल या नावाचा अर्थ ‘इस्रायलची मुले’ असा होतो. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाजाचा विस्तार झाला. कोकणातील गावांत तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवत. त्यावरून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले जाई. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून केलेली आडनावे, लग्नातील मेंदी व मंगळसूत्र आणि मराठी मातृभाषा यांतून स्थानिक जीवनाशी झालेली त्यांची एकरूपता दिसते. सुंता, शब्बाथ, आहाराचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना या ज्यू खुणा मात्र समाजाने जपल्या.

एलियाहू हन्नबी (संदेष्टा एलिया) याच्यावर या समाजाची विशेष श्रद्धा आहे. नवस फेडताना वा शुभकार्याच्या प्रसंगी पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून त्याचे स्मरण केले जाते. ज्यू धर्मात मूर्तिपूजेला मनाई असून प्रार्थनामंदिरात (सिनेगॉगमध्ये) देवाची प्रतिमा नसते. तरीही अनेक बेने इस्रायल घरांत अग्निरथातून स्वर्गारोहण करणाऱ्या एलियाचे चित्र भिंतीवर आढळते. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या, मराठी भाषांतर असलेल्या सचित्र ‘हग्गादा’ या पेसाख सणाच्या ग्रंथात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या दाखवल्या आहेत. ज्यू कथेला मराठी वेश देण्याची ही रीत बेंजामिन यांच्या जन्मापूर्वी किमान आठ दशकांहून अधिक जुनी आहे.

अठराव्या शतकापासून समाजातील अनेक कुटुंबे मुंबईत आली. पुढे पुणे, पनवेल आणि ठाणे येथेही वस्ती वाढली. ठाण्यातील ‘शाआर हाशामाइम’ (स्वर्गाचे द्वार) हे सिनेगॉग १८७९ मध्ये उभारण्यात आले. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतर समाजातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने तेथे स्थलांतरित झाले. भारतात राहिलेल्या बेने इस्रायल कुटुंबांपैकी मोठी संख्या आज ठाणे व मुंबई परिसरात आहे.

इस्रायलमध्ये गेलेल्यांना आरंभी एका वेगळ्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. इतर ज्यूंशी विवाहाच्या संदर्भात तेथील धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्याविषयी शंका उपस्थित केली. समाजाच्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे इस्रायलच्या शासनाने मान्य केले. ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिले तेथे अल्पसंख्य, आणि ज्याला धर्मभूमी मानले तेथे संशयित, असा हा अनुभव होता. बेंजामिन यांच्या चित्रांतील ‘घर कोणते?’ या प्रश्नाला ही सामूहिक पार्श्वभूमी आहे.

बालपण आणि शिक्षण

बेंजामिन यांचे बालपण मुंबईत गेले. घर ज्यू, शाळा कॅथलिक व पारशी संस्थांच्या आणि सभोवतालचा समाज प्रामुख्याने हिंदू व मुस्लिम, असे त्यांच्या जडणघडणीचे वातावरण होते. नातेवाईक व परिचित इस्रायल आणि अन्य देशांत निघून जात असताना त्यांचे कुटुंब मुंबईत राहिले. मंदिरे, दर्गे, चर्च व अग्यारी यांतील दृश्यसमृद्धी आणि सिनेगॉगमधील प्रतिमाविरहित अवकाश यांतील अंतर त्यांनी लहानपणी अनुभवले.

त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. नंतर त्या अमेरिकेस गेल्या. कार्बनडेल येथील सदर्न इलिनॉय विद्यापीठातून चित्रकलेची आणि इलिनॉय विद्यापीठातून नाट्यनेपथ्याची, अशा दोन पदव्युत्तर पदव्या त्यांनी संपादन केल्या. नेपथ्याच्या अभ्यासाचा परिणाम त्यांच्या चित्ररचनेवर दिसतो. त्यांच्या अनेक चित्रांत महिरपी, पडदे व चौकटी यांनी रंगमंचासारखा अवकाश तयार होतो आणि मुख्य व्यक्तिरेखा त्यात पात्राप्रमाणे प्रवेश करते.

शैली

बेंजामिन प्रामुख्याने कागद वा लाकडी फलकावर अपारदर्शक जलरंग (गुआश) आणि सोन्याचा वर्ख वापरून काम करतात. मोगल व इराणी लघुचित्रे, बायझंटाइन धर्मचित्रे आणि ज्यू व ख्रिस्ती सचित्र हस्तलिखिते हे त्यांच्या शैलीचे प्रमुख स्रोत आहेत. त्यांच्या जोडीला ‘अमर चित्र कथा’, हिंदी चित्रपटांची भित्तिपत्रके आणि अमेरिकन पॉप कला यांचाही प्रभाव आहे. नाजूक वेलबुट्टीची किनार आणि जाहिरातीसारखा ठळक चेहरा त्यांच्या एकाच चित्रात आढळू शकतो.

निळी स्त्री

बेंजामिन यांच्या चित्रांतील निळी स्त्री बऱ्याचदा त्यांचे स्वतःचेच रूप असते. हा रंग भारतीय प्रेक्षकाला कृष्ण व काली यांची आठवण करून देतो. ज्यू परंपरेतही निळ्याला स्थान आहे : प्रार्थनेच्या शालीच्या गोंड्यात निळा धागा असावा, अशी तोराची आज्ञा आहे. बेंजामिन यांच्या मते निळा हा आकाशाचा व समुद्राचा रंग असल्याने तो कोणत्याही एका देशाचा नाही. सर्वत्र असणे आणि कोठेही पूर्णपणे न असणे या स्थितीचे तो प्रतीक आहे.

या रंगामागे अमेरिकेतील अनुभवही आहे. तेथे ज्यू म्हणजे युरोपीय वंशाचा गौरवर्णी मनुष्य अशी सर्वसाधारण समजूत असल्याने सावळ्या भारतीय स्त्रीला आपले ज्यूपण वारंवार स्पष्ट करावे लागते. बेंजामिन यांनी हे वेगळेपण पुसट करण्याऐवजी ते त्वचेच्या रंगातच ठळक केले. निळ्या कांतीमुळे व्यक्तिरेखेचा वंश ठरवता येत नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

प्रमुख चित्रमालिका

फाइंडिंग होम : या मालिकेतील चित्रांना क्रमांक दिलेले आहेत. त्यांपैकी २००० सालचे ‘तिक्कुन हाओलाम’ हे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘जगाची दुरुस्ती’ असा असून भंगलेले जग सावरणे हे माणसाचे कर्तव्य आहे, ही ज्यू विचारातील कल्पना त्यातून व्यक्त होते. चित्रात हिंदू देवतेप्रमाणे अनेक हात असलेली निळी स्त्री आहे. तिच्या हातांच्या रचनेतून ‘मेनोरा’ ही जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातील सात शाखांची दीपिका साकारते. देवीचे बाहू आणि दिव्याच्या शाखा एकच होतात. दोन्ही परंपरांचा वाचक आपापल्या बाजूने चित्रात प्रवेश करू शकतो.

फेरेश्तेह : फारसी व उर्दूतील ‘फरिश्ते’ म्हणजे देवदूत. बायबलमधील स्त्रियांवरील या मालिकेला ज्यू चित्रकर्तीने फारसी-उर्दू नाव दिले, हे तिच्या आशयाशी सुसंगत आहे. सारा व हागार या अब्राहामाच्या दोन स्त्रिया ज्यू व अरब वंशांच्या आदिमाता मानल्या जातात. मूळ कथेत हागारला मुलासह वाळवंटात घालवून दिले जाते. बेंजामिन यांच्या ‘बिलव्हेड’ (प्रिय) या चित्रात मात्र दोघी परस्परांना आलिंगन देतात. पश्चिम आशियातील संघर्षाच्या काळात रंगवलेले हे आलिंगन समेटाची इच्छा आणि झालेल्या हानीचा शोक अशा दोन्ही भावना व्यक्त करते.

ज्यू लोककथांनुसार लिलिथ ही आदामाची पहिली स्त्री होय. आदामाच्या आज्ञेत राहण्यास नकार दिल्याने ती निघून गेली व पुढे तिची गणना दुष्ट शक्तींत झाली. बेंजामिन यांनी तिला चित्रकथेच्या शैलीत, अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेन्स्टाइन यांची आठवण होईल अशा पद्धतीने रंगवले. परंपरेने बहिष्कृत केलेली स्त्री येथे स्वतःची बाजू मांडते. आपली ज्यू ओळख लपवून इराणच्या राजवाड्यात राहिलेल्या एस्तेर राणीचा विषयही त्यांनी हाताळला असून एस्तेरच्या ग्रंथाची सचित्र गुंडाळी तयार केली आहे.

फुलब्राइट प्रकल्प

२०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर बेंजामिन भारतात आल्या. ‘फेसेस : वीव्हिंग इंडियन ज्यूइश नॅरेटिव्ह्ज’ या प्रकल्पासाठी त्यांनी बेने इस्रायल समाजातील व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या व छायाचित्रे काढली. छायाचित्रातील चेहऱ्याभोवती त्या व्यक्तीच्या आठवणी, व्यवसाय व श्रद्धा सूचित करणारी नक्षी आणि प्रतिमा रंगवून त्यांनी व्यक्तिचित्रे तयार केली. या कामाचे प्रदर्शन २०१३ मध्ये मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात झाले. आधीच्या मालिकांत पुराणकथेतील स्त्रियांना चित्रकर्तीचा चेहरा लाभला होता. येथे हयात माणसांना, त्यांचे चेहरे न बदलता, लघुचित्रातील राजपुरुषांची प्रतिष्ठा मिळाली. झपाट्याने घटत गेलेल्या समाजाची नोंद म्हणूनही या कामाचे महत्त्व आहे.

२०१६-१७ मधील दुसऱ्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्यांनी इस्रायलमधील भारतीय ज्यूंवर काम केले. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांनी मराठी भाषा, खाद्यपदार्थ व मलिद्याची प्रथा बऱ्याच अंशी टिकवली असून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथे चालवले आहे. मातृभूमी भारत व पितृभूमी इस्रायल या द्वैताचा वेध या प्रकल्पात घेतला आहे.

माहितीपट आणि ग्रंथ

हॅल रिफकेन यांनी बेंजामिन यांच्यावर ‘ब्ल्यू लाइक मी’ हा माहितीपट तयार केला (२०१५). ओरी झेड. सोल्टेस यांनी संपादित केलेला ‘ग्रोइंग अप ज्यूइश इन इंडिया’ हा ग्रंथ नियोगी बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातील ज्यूंचा इतिहास, सिनेगॉग व चालीरीती यांच्याबरोबर बेंजामिन यांच्या कलेची चर्चा त्यात केली आहे.

महत्त्व

भारतीय साहित्यात बेने इस्रायल अनुभव कवी निस्सिम इझिकेल व कादंबरीकार एस्थर डेव्हिड यांच्या लेखनातून आला. चित्रकलेत त्याला आंतरराष्ट्रीय ओळख मिळवून देण्यात बेंजामिन यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या चित्रांतील ज्यू व भारतीय प्रतिमांचा संयोग परदेशी प्रेक्षकाला नवलाचा वाटतो. मंगळसूत्र घालून शब्बाथचा दिवा लावणाऱ्या कोकणातील घरांत मात्र हा संयोग पिढ्यान्‌पिढ्या नित्याचा होता. त्या घरांतील बहुतेक माणसे दूर गेल्यानंतर त्यांच्या जगण्यातील ही सहजता चित्रांत टिकवून ठेवणे, हे बेंजामिन यांचे विशेष कार्य होय.