पोलीस भरतीची तयारी : नडगी का दुखते आणि वेगाआधी पाया का हवा?

पोलीस भरतीची चाहूल लागली की घोडेगाव असो वा राज्यातलं दुसरं कुठलंही तालुक्याचं गाव, पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं-मुली दिसू लागतात. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण, तर १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५ गुण. म्हणून पहिल्याच दिवसापासून घड्याळ लावून जीव तोडून पळणं सुरू होतं. दोन-तीन आठवड्यांत नडगी दुखू लागते आणि ऐन चाचणीच्या वेळी उमेदवार घरी बसतो.

असं का होतं?

सराव सुरू केला की दम लवकर वाढतो. हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश मजबूत होतात. दम साथ देतो म्हणून आपण जोर वाढवतो आणि न तयार झालेल्या नडगीवर ताण येतो. डोंगर चढणाऱ्या आदिवासी भागातल्या मुलांनाही हे लागू आहे. चढणीने दम येतो, पण डांबरी रस्त्यावर वेगात पळण्याची सवय पायांना वेगळी लावावी लागते.

अविनाश साबळेने काय केलं?

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि २०१५ मध्ये क्रॉस कंट्री धावू लागला. पुढे दुखापतीनंतर वजन वाढलं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली त्याने तीन महिन्यांत सुमारे २० किलो वजन घटवलं. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. म्हणजे एका शर्यतीत ३५ वेळा शरीराचा भार पायावर आदळतो. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवलं.

तरीही जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडून त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. तयारीने धोका कमी होतो, संपत नाही.

प्रशिक्षकाने काय पाहावं?

• सुरुवातीचे काही आठवडे बोलता येईल इतक्याच वेगाने, मातीच्या मैदानावर धावणं.
• आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, टाचा उचलणं, पोट-कंबरेचे व्यायाम. मुलांचा ७.२६ किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा गोळा नुसत्या हाताने जात नाही, पाय आणि कंबर लागते.
• अंतर हळूहळू वाढवणं. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नये.
• आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, रोज पुरेशी झोप.

नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. बाम चोळून पळू नका, डॉक्टरांना दाखवा. जाहिरात येण्याची वाट न पाहता आजपासून सावकाश सुरुवात केली, तर चाचणीच्या दिवशी पाय साथ देण्याची शक्यता जास्त.